गोंगाटातला तीव्र मध्यम : हेवी मेटलने शास्त्रीय संगीताकडून काय घेतलं?

पांडेसरा (सुरत) : हेवी मेटल म्हटलं की घरातली मोठी माणसं एकाच शब्दात निकाल लावतात, गोंगाट. पांडेसऱ्यात या शब्दाला वजन आहे, कारण गोंगाट म्हणजे काय हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जीआयडीसीतल्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिल्स, उधना-लिंबायतकडचे लूमचे कारखाने, रस्त्यावरचे टेम्पो. नंदुरबार, धुळे, जळगावहून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेल्या आणि आता इथल्याच झालेल्या हजारो मराठी कुटुंबांचा दिवस यंत्रांच्या आवाजातच जातो. गणपतीत डीजे, लग्नात बँड, तो वेगळा. अशा घरातला एखादा कॉलेजला जाणारा मुलगा कानात इअरफोन घालून मेटॅलिका ऐकायला लागला, की वडील विचारणारच, दिवसभर मशिनीचा आवाज कमी पडतो का?

प्रश्न रास्त आहे. गंमत अशी की हे संगीत मुळात कारखान्याच्या गावातच जन्माला आलं, आणि ते जन्माला घालणारी पोरं पांडेसऱ्यातल्या पोरांसारखीच कामगारांच्या घरातली होती. त्याहून मोठी गंमत म्हणजे त्या आवाजाच्या पोटात जे सूर आहेत, त्यातले बरेचसे थेट युरोपच्या शास्त्रीय संगीतातून उचललेले आहेत. आपल्या भजनी मंडळाच्या पेटीवर ते सहज वाजवून बघता येतात.

शेवटच्या दिवशी गेलेली बोटं

इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे लोखंड-पत्र्याच्या कामाचं शहर. तिथे टोनी आयोमी नावाचा १७ वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा. तो डावखुरा, गिटार बरी वाजवायचा. १९६५ साली एका बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जायचं ठरलं म्हणून त्याने नोकरी सोडली. कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायची त्याची इच्छा नव्हती. आईने सांगितलं, हातात घेतलेलं काम पुरं करून ये. त्या दिवशी प्रेस मशिनवरचा माणूस आला नव्हता, म्हणून आयोमीला तिथे बसवलं. मशिन खाली आलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुऱ्या गिटारवाल्याचा उजवा हात म्हणजे तारा दाबायचा हात.

प्रेसवर बोट गेलं म्हणजे काय, हे औद्योगिक वस्तीत राहणाऱ्या वाचकाला वेगळं सांगायला नको. पुढची गोष्ट मात्र सहसा घडत नाही. कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड आणून ऐकवली. राइनहार्टच्या हाताची दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो जगातल्या नावाजलेल्या वादकांपैकी एक होता. आयोमीने मग प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, वर चामड्याचा तुकडा चिकटवला. जाड तारा दाबवत नव्हत्या म्हणून पातळ तारा लावल्या. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बमपर्यंत त्याने तारा चांगल्या तीन स्वरांतरं खाली उतरवल्या, म्हणजे ताण कमी. तारा सैल झाल्या तसा आवाज खोल आणि जड झाला. आज जगभरातले मेटल बँड तारा खाली उतरवून वाजवतात, त्यामागे एका कामगाराच्या तुटलेल्या बोटांचा मोठा वाटा आहे.

त्याचा बँड म्हणजे ब्लॅक सॅबथ. गायक ऑझी ऑसबर्न कत्तलखान्यात काम करून आलेला. पहिला अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ रोजी एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाजारात आला. हेवी मेटलची सुरुवात साधारण तिथून मोजतात. याच चौघांनी ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्येच शेवटचा कार्यक्रम केला, आणि त्यानंतर १७ दिवसांनी ऑझी गेला.

पांढरी पाच, वरची पांढरी पाच, काळी एक

त्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं, बँडच्याच नावाचं. त्याची सुरावट इतकी साधी आहे की पेटी समोर असेल तर अर्ध्या मिनिटात सापडते. पांढरी पाच दाबा, हा सा. मग वरच्या सप्तकातली पांढरी पाच, तार सा. मग खाली येऊन या दोन्हींच्या मधली काळी एक. तो तीव्र मध्यम. झालं. सा, तार सा, तीव्र म, आणि त्या तीव्र मध्यमावर सूर थरथरत ठेवायचा. एवढ्या तीन स्वरांवर एक सबंध संगीतप्रकार उभा राहिला.

हे तीन स्वर आले कुठून? बँडचा बेस गिटारवादक गीझर बटलर याने अनेकदा सांगितलं आहे की त्याला गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची ‘द प्लॅनेट्स’ ही वाद्यवृंदरचना फार आवडायची. पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहिलेल्या या रचनेत एकेका ग्रहावर एकेक भाग आहे. पहिला भाग मंगळाचा, म्हणजे युद्धाच्या देवाचा. पाच मात्रांचा अडखळत पुढे सरकणारा ठेका आणि त्यावर हाच अंतराचा खेळ, सा ते तीव्र म. बटलर तो भाग बेसवर वाजवत बसला होता. आयोमीने तो ऐकला आणि नंतर आपली तीन स्वरांची सुरावट घेऊन आला. वाद्यवृंदाच्या सभागृहातला मंगळ असा कामगार वस्तीतल्या तालमीच्या खोलीत उतरला.

या स्वरांतराबद्दल एक गोष्ट इंटरनेटवर नेहमी सांगितली जाते, की मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती, वाजवणाऱ्याला शिक्षा व्हायची. ही कथा मेटलवाल्यांना फार आवडते, पण ती दंतकथाच. जुन्या युरोपात गाताना हे अंतर टाळायचे, कारण दोन आवाज एकत्र गाताना ते कर्कश लागायचं आणि पकडायला अवघड जायचं. ‘संगीतातला सैतान’ हे टोपणनाव तर अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथांत दिसतं, मध्ययुग संपून बराच काळ लोटल्यावर.

आणि आपल्याकडे? तीव्र मध्यमाला कुणी सैतान म्हणत नाही. यमन हा तर शिकणाऱ्याचा पहिला राग, आणि त्यात तीव्र मध्यम गोड लागतो. कारण यमनमध्ये तो पंचमाकडे निघालेला असतो, वाटेतला थांबा असतो. ब्लॅक सॅबथच्या गाण्यात पंचम येतच नाही, सूर तीव्र मध्यमावरच लोंबकळत राहतो. मारवा ऐकताना पंचम वर्ज्य असल्यामुळे जी हुरहूर लागते, काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, तिच्या जवळपासची ही गोष्ट आहे. मारव्यात कोमल रिषभही असतो, त्यामुळे दोन्ही एक नव्हेत. पण स्वराला भीती किंवा गोडवा चिकटलेला नसतो, तो शेजारच्या स्वरांमुळे येतो, हे या तीन सुरांत नीट कळतं.

तंबोऱ्याची जवारी आणि गिटारचा फाटका आवाज

मेटलमधल्या गिटारचा आवाज फाटल्यासारखा का असतो, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर कळायला मिरजेला जावं लागेल.

मिरजेचे सतारमेकर प्रसिद्ध आहेत. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हे कारागीर शिकलगार समाजातले, मूळचा धंदा हत्यारांना धार लावण्याचा. धातूकाम करणारे हात वाद्यांकडे वळले. तंबोऱ्यात सगळ्यात नाजूक काम जवारीचं. तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा किंचित उताराचा घासतात आणि तारेखाली सुताचा धागा सरकवतात. त्यामुळे तार घोडीला हलकी घासत राहते आणि मूळ सुराबरोबर त्याचे वरचे उपस्वर झणझणत बाहेर येतात. जवारी काढून टाकली तर तंबोरा मुका वाटतो.

गिटारचा ॲम्प्लिफायर क्षमतेपेक्षा जास्त चढवला की हेच वेगळ्या मार्गाने होतं. विजेच्या लहरीचे शेंडे कापले जातात आणि मूळ सुरात नसलेले उपस्वर तयार होतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. आता या फाटक्या आवाजात सा, ग, प असे तीन स्वर एकत्र वाजवले तर उपस्वरांची एकमेकांत मारामारी होते, नुसता चिखल. सा आणि प एवढेच वाजवले तर मात्र आवाज भरीव आणि स्वच्छ राहतो. म्हणून मेटलचे गिटारवादक गंधार गाळतात आणि सा, प, तार सा एवढंच दाबतात. याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. तंबोरा कसा लावतात? प, सा, सा, सा.

हा प्रभाव नव्हे, योगायोग आहे. आयोमीने तंबोरा ऐकून काही केलं नाही. पण परिणाम सारखाच होतो. गंधार गाळल्यामुळे खालचा आधार ना आनंदी ना उदास राहतो, त्यावर कुठलीही सुरावट चढवता येते. आपल्याकडे एकाच तंबोऱ्यावर भूपही गातात आणि भैरवीही, त्यातलाच हा प्रकार.

किरवाणीचा पंचम सा केला की

ब्लॅक सॅबथने शास्त्रीय संगीत कानाने उचललं. काहींनी मात्र ते रीतसर शिकून आणलं. डीप पर्पल या इंग्रज बँडचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड लहानपणापासून पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकलेला. त्याने बँड आणि वाद्यवृंद एकत्र वाजवतील अशी रचना लिहिली आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर ती सादर केली. त्याच बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याने १९७२ च्या ‘हायवे स्टार’ गाण्यातल्या एकल वादनाची चाल बाखच्या धाटणीवर बांधली. बाख हा अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार. पाश्चात्त्य संगीताची सगळी घराणी फिरून त्याच्याकडेच येतात. त्याच्या रचनांमध्ये एक छोटा आकृतिबंध घ्यायचा आणि तो एकेक पायरी खाली उतरवत न्यायचा, अशी युक्ती वारंवार दिसते. आपल्याकडच्या अलंकार-पलट्यांसारखंच ते. ‘हायवे स्टार’मध्ये नेमकं तेच ऐकू येतं, फक्त वेग मोटारीचा.

अमेरिकेतला रँडी ऱ्होड्स ऑझीच्या स्वतंत्र बँडमध्ये आला. त्याची आई संगीत शाळा चालवायची. दौऱ्यावर असताना ज्या गावात मुक्काम असेल तिथे तो शास्त्रीय गिटारचा शिक्षक शोधून शिकवणी घ्यायचा. हजारो लोकांपुढे वाजवणारा माणूस सकाळी विद्यार्थी होऊन बसायचा, हे आपल्याकडच्या गुरुकुलातल्या माणसालाही पटेल. १९ मार्च १९८२ रोजी छोट्या विमानाच्या अपघातात तो गेला. वय २५.

मग आला स्वीडनचा यंगवी माल्मस्टीन. त्याने लहानपणी टीव्हीवर व्हायोलिनवादक गिदोन क्रेमरला पागानिनीच्या रचना वाजवताना पाहिलं आणि ठरवलं, हे गिटारवर यायला पाहिजे. पागानिनी हा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा इटालियन व्हायोलिनवादक. इतका वेगात वाजवायचा की याने आत्मा सैतानाला विकला असं लोक म्हणायचे, आणि मेल्यावर चर्चने कित्येक वर्षं पवित्र भूमीत पुरू दिलं नाही. म्हणजे ‘सैतानाचं संगीत’ हा शिक्का मेटलच्या दीडशे वर्षं आधी एका शास्त्रीय वादकाला लागून झाला होता!

माल्मस्टीनचा ‘रायझिंग फोर्स’ हा अल्बम १९८४ चा. त्यातले सूर मराठी कानाला ओळखीचे का वाटतात, ते पेटीवरच बघू. त्याची आवडती स्वरावली म्हणजे सा रे कोमल ग, म प कोमल ध, शुद्ध नी. आपल्याकडे ही किरवाणी. कर्नाटक संगीतातून उत्तरेत आलेला हा राग, तिकडच्या ७२ मेळांमधला एकविसावा. कोमल धैवतावरून शुद्ध निषादावर जी मोठी उडी आहे, तिच्यात किरवाणीची सगळी कळ आहे, आणि बाख-विवाल्डीच्या उदास रचनांचीही.

आता याच किरवाणीचा पंचम हा सा धरा आणि तेच स्वर पुढे वाजवा. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. मिळतं काय, तर सा, कोमल रे, शुद्ध ग, म, प, कोमल ध, कोमल नी. हा बसंत मुखारी. माल्मस्टीन हेच करतो: गाणं किरवाणीत चाललेलं असतं, आधाराचा सूर पंचमावर जातो आणि गिटार एकदम अरबस्तानात गेल्यासारखी वाटते. मेटॅलिकाच्या १९९१ च्या अल्बममधलं ‘व्हेअरएव्हर आय मे रोम’ ऐका. सुरुवातीलाच सतारीसारखा आवाज येतो आणि रंग याच कुळातला.

त्याच्या वेगाचंही एक गणित आहे. एकाच वेळी वाजायचे स्वर तो सुटे करून एकामागून एक धावते वाजवतो. त्यात एक चौकडी फार येते: सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध. या चारही स्वरांत अंतर अगदी सारखं आहे, म्हणून कुठला सा हे कानाला ठरवताच येत नाही. घर नसलेला सूर. बाखपासून जुन्या भुताच्या सिनेमांपर्यंत भीती दाखवायला हीच चौकडी वापरत आले आहेत. मेटलने ती घेतली नसती तरच नवल.

यात तक्रारीलाही जागा आहे. माल्मस्टीनच्या मागे लागून ऐंशीच्या दशकात जी शेकडो पोरं पळत सुटली, त्यांनी पागानिनीचा वेग घेतला आणि विसावा टाकून दिला. तानेवर तान, तानेवर तान, आणि बंदिश कुठे गेली कुणालाच पत्ता नाही. आपल्याकडेही अशा मैफली होतात, तेव्हा एकट्या मेटलला बोल लावण्यात अर्थ नाही.

आडनाव वलसाडचं, पियानो पाचगणीचा

सुरतेहून मुंबईकडे निघालं की नवसारीनंतर वलसाड लागतं. जुनं नाव बुलसार. या गावावरून बुलसारा हे पारशी आडनाव पडलं, आणि फरोख बुलसारा या नावाचा मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारचा. शिक्षण मात्र सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात. तिथेच तो पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकला आणि तिथेच मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळेतला बँड काढला.

त्याचा क्वीन हा बँड निव्वळ मेटल नव्हे, पण १९७४ चं ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ इतकं वेगवान आणि आक्रमक आहे की मेटॅलिकाने १९९० मध्ये ते स्वतः वाजवून रेकॉर्ड केलं. आणि १९७५ चं ‘बोहेमियन रॅप्सडी’ तर आपल्या विषयाचा नमुनाच. आधी पियानोवर संथ गाणं, मग मध्येच इटालियन ऑपेरा, तिघाचौघांचे आवाज एकमेकांवर पुन्हापुन्हा चढवून केलेला मोठा कोरस, आणि त्या ऑपेराच्या पोटातून फुटून बाहेर येणारी जड गिटार. संगीत नाटकात गद्यातून पदात जावं तशा या उड्या आहेत. १९८८ मध्ये फ्रेडीने ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्याबरोबर ‘बार्सिलोना’ हा पूर्ण अल्बमच केला. ज्याचं आडनाव आपल्या रेल्वे लाइनवरच्या स्टेशनाचं आहे, त्या माणसाने रॉक आणि ऑपेरा एका दमात गाऊन दाखवला.

पाचगणीचा पियानो हा एकच दरवाजा नव्हता. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे. तिथून निघालेले वादक मुंबईच्या सिनेमात आले आणि हिंदी गाण्यांमागचे व्हायोलिनचे ताफे त्यांनी उभे केले. त्यातले अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू; ‘अमर अकबर अँथनी’तल्या त्या गाण्यात हे नाव गुरूच्या आदराने आलं आहे. सलील चौधरींनी १९६१ च्या ‘छाया’ चित्रपटात ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ हे गाणं मोत्झार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीवर बेतलं. रेडिओवर ते गाणं गुणगुणलेली आजी मोत्झार्ट गुणगुणली आहे. म्हणून मेटॅलिकाने एप्रिल १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर केलेला कार्यक्रम आपल्याकडच्या माणसाने ऐकला, तर व्हायोलिन सुरू झाल्यावर त्याला परकं वाटत नाही. परकी वाटते ती गिटार.

आपल्या बाजूला काय घडलं?

मुंबईत साहिल मखिजा याने २००० साली ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ हा बँड सुरू केला. कीबोर्डवर वाद्यवृंदाचे थर रचून खाली मेटल वाजवायचं, ही युरोपात रुळलेली रीत त्यांनी आणली. २०१७ चा त्यांचा अल्बम ‘दशावतार’. मत्स्य, कूर्म, वराहापासून कल्कीपर्यंत विष्णूच्या एकेका अवतारावर एकेक गाणं, सोबत भारतीय वाद्यांचा वापर. कोकण-गोव्यात रात्रभर चालणारा दशावतार ज्याने पाहिला आहे, त्याला विषय नवा नाही. नरसिंह अवताराला कर्कश आवाज शोभतो, हे दशावतारी मंडळींना कधीच माहीत होतं. ‘पॅराडाइम शिफ्ट’ हा मुंबईचा दुसरा बँड हिंदुस्थानी पद्धतीचं गाणं आणि व्हायोलिन घेऊन गुंतागुंतीच्या तालांच्या रॉककडे गेला.

पण सतार किंवा बासरी मेटल गाण्यावर वरून ठेवली की शास्त्रीय प्रभाव झाला, असं मानणं ढिसाळपणाचं आहे. तो पोशाख झाला. प्रभाव तेव्हा म्हणावा, जेव्हा गाण्याचा सांगाडाच बदलतो: सूर कुठे थांबतो, लय कशी मोडते, आवर्तन कुठे पुरं होतं. त्या बाबतीत आपल्या शास्त्रीय संगीताकडे मेटलला देण्यासारखं अजून पुष्कळ पडून आहे. स्वीडनचा मेशुगा हा बँड चारच्या ठेक्यावर विषम मात्रांचा तुकडा फिरवत ठेवतो आणि बऱ्याच वेळाने दोन्ही एका जागी आणून मिळवतो. त्यांनी तबला शिकून हे केलेलं नाही. तरी ज्याने तिहाई समेवर पडताना ऐकली आहे, त्याची मान तिथे बरोबर हलते. आपल्या भजनातला पखवाजवादक हे ऐकून काय म्हणेल, हे कुणीतरी एकदा विचारून बघावं.

उलटी वाटही आहे. फिनलंडमधल्या सिबेलियस अकादमीच्या चार चेलोवादक विद्यार्थ्यांनी १९९३ मध्ये अपोकॅलिप्टिका हा गट काढला आणि १९९६ मध्ये मेटॅलिकाची गाणी फक्त चार चेलोंवर वाजवून अल्बम केला. गिटार नाही, ड्रम नाही. ज्या घरात ‘हा गोंगाट बंद कर’ असं ऐकावं लागतं, तिथे आधी हा अल्बम लावावा. फाटका आवाज काढून टाकल्यावर खाली रचना उरते की नाही, हे वडिलांनाच ठरवू द्यावं.

ऐकायचं कुठून, आणि किती

नवख्याने क्रम असा ठेवला तर सोपं जाईल. आधी होल्स्टचा मंगळ, लगेच त्यामागे ब्लॅक सॅबथचं पहिलं गाणं. तीव्र मध्यमाचं नातं तिथल्या तिथे कळतं. मग ‘हायवे स्टार’, मग माल्मस्टीनचं ‘ब्लॅक स्टार’, आणि त्यानंतर सतारीवरची किंवा व्हायोलिनवरची एखादी किरवाणी. शेवटी ‘दशावतार’.

आवाजाचं मात्र वडिलांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. आपल्याकडे कारखान्यांसाठी आवाजाची मर्यादा आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल धरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने इअरफोनवर ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. तोच ९० डेसिबलवर नेला तर आठवड्याचे फक्त चार तास उरतात. डेसिबलचा आकडा दहाने वाढला की कानावर पडणारी शक्ती दहापट होते, म्हणून हा फरक. बारा तास लूमवर किंवा मिलमध्ये काढणाऱ्या कारीगराच्या कानाचा वाटा पाळीतच संपून गेलेला असतो. त्यात यंत्रं चालू असताना इअरफोन लावला की यंत्राचा आवाज दाबायला गाण्याचा आवाज आपोआप वर जातो, आणि कानाला दोन्ही सोसावे लागतात. कामावर गाणं नको, कानात बोळे हवेत. पाळी सुटल्यावर तासभर कान शांत ठेवून मग घरी, आवाज निम्म्याच्या आसपास ठेवून ऐकलं, तर आयोमीचा तीव्र मध्यम नीट लागतो. पाळीवरून आल्या आल्या कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल आणि सकाळपर्यंत ते जात नसेल, तर कानाच्या डॉक्टरकडे जाऊन तपासणी करून घ्यावी.